कोरी कड

दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात समर्थ रामदासांनी लेखनक्रियेने केली आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं हवं, ओळी सरळ हव्यात, ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने उतरल्यासारखं दिसलं पाहिजे. तरुणपणी नजर चांगली म्हणून बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचवत नाही. आणि पानाच्या कडा कोऱ्या सोडाव्यात, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही.

अमेरिकेत, मिनेसोटामधल्या ईडन प्रेरीतल्या आमच्या घरी हिवाळ्याच्या संध्याकाळी मी हाच समास बोरूने उतरवते आहे. बोरू पुण्याहून आणलेला. देवनागरीसाठी त्याचा काप रोमन लिपीच्या टाकापेक्षा उलट तिरका घ्यावा लागतो. रेघांसाठी पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून चिकटवले आहेत. वर कागद ठेवून बोटाने घासलं की दाबाच्या रेघा उमटतात, आणि अक्षरं त्या रेघांना खालून लोंबकळतात. शाई काजळ आणि डिंकाची. बाहेर बर्फ, आत हीटरची कोरडी हवा. शाई बोरूच्या टोकावरच वाळते आणि काना मध्येच फाटतो. एकदा बुडवलं की पाच-सहा अक्षरं निघतात, पहिलं काळंभोर आणि शेवटचं करडं. म्हणून शब्द संपायची वाट न पाहता पुन्हा बुडवायचं. सगळी अक्षरं एकसारखी काढणं म्हणजे काय, हे वाचून कळलं नव्हतं, हाताला कळलं.

पोथीचा आडवा, लांबट आकार ताडपत्राकडून आला. कागद आला तरी तो टिकला. कित्येक जुन्या जैन पोथ्यांत तर दोरा ओवायच्या भोकाची जागा कागदावरही मधोमध कोरी दिसते. पानं सुटी, वर-खाली फळ्या, भोवती रुमाल. पश्चिमेकडे मेणाच्या पाट्या एकत्र बांधायच्या सवयीतून शिवलेलं पुस्तक घडत गेलं. त्यात हवं तिथे चटकन जाता येतं. पोथी पुढ्यात ठेवून, पानामागून पान उलटत, मोठ्याने म्हणायची. मला वाटतं, तिचा आकार वाचणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्यांसाठी आहे.

पश्चिमेकडचं हाताने लिहिलेलं एक पुस्तक आमच्या जवळच आहे. ईडन प्रेरीहून गाडीने दीडेक तासावर कॉलेजव्हिलचं सेंट जॉन्स विद्यापीठ आणि बेनेडिक्टाइन मठ. त्यांनी 1998 साली डोनाल्ड जॅक्सन या सुलेखनकाराकडे हस्तलिखित बायबलचं काम सोपवलं. शेवटचा शब्द 2011 मध्ये लिहून झाला. वासराच्या कातडीवर, पिसांच्या लेखण्यांनी. एका पानावर लिहिताना ओळ सुटली होती. ती समासात खाली लिहिली आहे, आणि एक मधमाशी कप्पीच्या दोरीने तिला वर, तिच्या जागी ओढते आहे. चूक खोडायची नाही, तिला वाट दाखवायची. आपले लेखनिक अशा वेळी ओळीत काकपदाची खूण करून सुटलेली अक्षरं कडेला लिहीत. झडण्यासाठी सोडलेली जागाच दुरुस्तीच्या कामी येई.

मी आधी कागद वाचवायला कड अर्ध्या बोटाची ठेवत असे. आता चांगली दोन बोटं सोडते.

पोथी संपली की लेखनिक पुष्पिकेत शके, तिथी आणि गाव नोंदवत, आणि तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ जपायची विनवणी करत. माझ्या पुष्पिकेत गाव ईडन प्रेरी असेल, आणि त्या यादीत कोरड्या हवेचं नावही घालणार आहे.