उंबराचे फूल व त्यातील केंबरे

फार दिवसांनी भेटणाऱ्या मनुष्यास आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वास्तविक उंबरास फुलांचा मुळीच तोटा नाही. ज्यास आपण फळ समजतो ती आतून बारीक फुलांनी खच्चून भरलेली बंद पिशवी होय. तर या बंद पिशवीत पराग नेऊन पोहोचवितो कोण? उंबर फोडताच भुर्रकन उडते ते केंबरे.

याचे शास्त्रीय नाव ‘सेराटोसोलेन फ्युसिसेप्स’ असे असून ते गांधीलमाशीच्या गणातील आहे. कोवळ्या उंबराच्या तोंडाशी खवल्यांनी झाकलेले सूक्ष्म छिद्र असते. त्यातून मादी इतक्या कष्टाने आत शिरते की, तिचे पंख बहुधा तेथेच तुटून राहतात. आपल्या जन्माच्या उंबरातून छातीवरील कप्प्यांत भरून आणलेला पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंडे पडलेल्या फुलाचे बी होत नाही, त्यावर अळी पोसते. इतर फुलांचे बी झाडास मिळते. पुढे पंखहीन, पिवळसर नर प्रथम बाहेर येतात, माद्यांशी संग करतात व भिंत पोखरून त्यांस वाट करून देतात. त्यांचा स्वतःचा शेवट मात्र आतच होतो. माद्या परागासह दुसऱ्या झाडाच्या शोधास निघतात. बाहेरचे त्यांचे आयुष्य एकदोन दिवसांचे.

अमेरिकेतील युका या झाडाचा एका पांढऱ्या पतंगाशी असाच व्यवहार चालतो, हे 1872 साली एंगलमन व रायली या दोघा शास्त्रज्ञांच्या निरीक्षणांतून पुढे आले. तो पतंगही पराग स्वतः गोळा करून फुलास देतो व मोबदला म्हणून त्याच्या अळ्या थोडे बी खातात. त्याचे जगभर कौतुक झाले. आमच्या धुऱ्यावरील केंबऱ्यास मात्र आम्ही नाक मुरडतो!

तथापि उंबरावर दिसणारी प्रत्येक माशी केंबरे नव्हे. फळाच्या बाहेर बसून, शरीराहून लांब केसासारखी नळी सालीतून आत खुपसणाऱ्या माश्या निराळ्या. त्या बाहेरूनच अंडी घालतात, परागाचे काम करीत नाहीत, उलट केंबऱ्याचा वाटा खातात. खरे केंबरे काळसर, सुमारे दोन मिलिमीटर लांबीचे व आखूड नळीचे असते. फळाच्या तोंडाशी अडकलेले पंख ही त्याची उत्तम खूण.

कोंढा-पवनीकडील धानाच्या शेतकऱ्यास हे किडे पिकावर उतरतील अशी शंका येणे साहजिक आहे. पण ती निराधार आहे. उंबरातील केंबरे धान, तूर वा भाजीपाला यांस शिवत नाही. उंबरावाचून त्याची वीण होतच नाही. उलट ज्या फळात ते शिरले नाही ते बहुधा कच्चेच गळते. एका झाडाची फळे बहुधा एकाच वेळी पिकत असल्याने त्या वेळी कोवळी फळे असणारे दुसरे झाड मादीस गाठावे लागते. म्हणून केवळ किड्यांच्या भयाने धुऱ्यावरचा किंवा नाल्याकाठचा उंबर तोडू नये, आणि जवळच्या पिकावर औषध फवारताना फळांनी लगडलेल्या उंबरावर त्याचा फवारा जाऊ देऊ नये, असे आम्ही सुचवितो.