टपावरचे ऊन

आम्ही मणियार. बांगड्या भरणे हा आमचा पिढीजात धंदा. पौषात पालीचा खंडोबा, होळीच्या सुमारास सैलानीबाबा, चैत्रात जोतिबा, मधून एखादा उरूस. वर्षातले पाच-सहा महिने आमचा संसार टेम्पोत असतो. मागे फिरोजाबादच्या बांगड्यांची खोकी, पुढे शेगडी, भांडी, अंथरुणे आणि आमच्या अम्मी.

जत्रेत खरी विक्री दिवेलागणीनंतर होते. बायका दर्शन आटोपून निवांत येतात. मात्र बांगडी हिरवी की मोरपंखी, हे मिणमिणत्या उजेडात कळत नाही. पूर्वी आम्ही गॅसबत्ती लावत असू. पुढे जनरेटरवाले आले. ते दर बल्बमागे रात्रीचे भाडे घेत आणि गर्दी ओसरली की मशीन बंद करत.

तेवढे चालले असते, पण अम्मींना दमा आहे. डॉक्टरांनी नेब्युलायझर दिलेला. रात्री दोन वाजता श्वास अडकला तर तो कशावर चालवायचा? एकदा असेच झाले आणि मांडलेले दुकान तसेच टाकून आम्ही तालुक्याचा दवाखाना गाठला. पुढे भिशी लागली तेव्हा व्याजाचे कर्ज न काढता आम्ही टेम्पोच्या टपावर शंभर-शंभर वॅटची दोन सौर पॅनेल बसवली. सोबत 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची बॅटरी घेतली.

बसवण्याआधी आम्ही वहीत हिशोब मांडला. 9 वॅटचे चार बल्ब पाच तास, म्हणजे 180 वॅट-तास. 20 वॅटचा पंखा आठ तास, 160. दोन मोबाइल, 30. अम्मींचे मशीन एका वेळी पंधरा मिनिटे, इन्व्हर्टरची गळती धरून 40. एकूण 410. बॅटरीत 1200 मावतात, पण ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. म्हणजे हाती राहतात 600. चांगल्या उन्हात पॅनेल तेवढे भरून काढतात.

पण ऊन रोज सारखे नसते. जोतिबाच्या यात्रेत एकदा दिवसभर वळवाचे ढग दाटले. त्यात गुलालाची उधळण. पॅनेलवर गुलालाचा थर बसला होता आणि तो आमच्या लक्षातच आला नाही. आदल्या रात्रीचा वापर भरून निघाला नव्हता. मगरिबनंतर पाहिले तर बॅटरी निम्म्याला टेकत आलेली. समोर गिऱ्हाइकांची रांग. चारही बल्ब लावले असते तर धंदा झाला असता. अम्मी म्हणाल्या, "दिवे असू द्या, मला बरं वाटतंय." पण गुलालाने त्यांचा घसा बसला होता. आम्ही तीन बल्ब मालवले, पंखा बंद केला आणि एका बल्बाखाली जमेल तेवढ्या बांगड्या भरल्या. कमाई निम्म्यावर आली.

रात्री अडीचला अम्मी उठून बसल्या. मशीन पंधरा मिनिटे चालले. हळूहळू श्वास मोकळा झाला. फजरची नमाज त्यांनी बसूनच पढली, पण आपल्या टेम्पोत. अल्हम्दुलिल्लाह!

ज्यांचा धंदा आमच्यासारखा फिरता आहे त्यांना एवढेच सांगतो. पॅनेल घेण्याआधी आपल्या वापराचा हिशोब लिहून काढा. गाडी झाडाखाली लावू नका. एका फांदीची सावलीही पॅनेलची बरीच वीज खाते. रोज सकाळी, काच थंड असताना, पॅनेल ओल्या फडक्याने पुसा. बल्ब आणि पंखा बॅटरीवर थेट चालणारेच घ्या, म्हणजे इन्व्हर्टरची गळती वाचते. घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या वाट्याची वीज आधी बाजूला काढा, मग दुकानाचे दिवे लावा. आणि डॉक्टरांनी दिलेला हातातला पंपही जवळ ठेवा. मशीन शेवटी मशीनच.

आमच्या वहीत आता रोज पहिली ओळ अम्मींची असते.