जुन्या बॅटरीत नवा दिवा

खेड्यातल्या घरात माळ्यावर किंवा फडताळात एखादी जुनी बॅटरी हमखास सापडते. पितळी किंवा स्टीलची, दोन नाहीतर तीन मोठ्या सेलची. अंग धडधाकट असतं, गेलेला असतो तो फक्त बल्ब. ती भंगारात घालण्यापेक्षा तिच्यात एलईडी बसवावा, हा विचार उत्तम आहे. थोडक्या खर्चात होणारं आणि पुढे अनेक वर्षं उपयोगी पडणारं काम आहे. ते फसतं ते बहुतेक वेळा एकाच समजुतीपायी: बल्ब काढायचा, त्याच मापाचा एलईडी बसवायचा, की झालं. पण ही बॅटरी मुळात तारेच्या बल्बसाठी घडवलेली असते. सेल किती, रिफ्लेक्टर किती खोल, उष्णता जाणार कुठून, हे सगळं त्या इवल्याशा तारेच्या हिशेबानं ठरलेलं असतं.

नवा एलईडी पेटलाच नाही की तो खराब निघाला असं समजून फेकला जातो. तारेच्या बल्बला वीज कोणत्या बाजूनं येते याचं सोयरसुतक नसतं. सेल उलटे घातले तरी तो पेटतो. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. त्यामुळे फेकण्याआधी सेलचं टोक बल्बच्या बाजूला आहे ना, हे पाहावं. अनेकदा दुरुस्ती तेवढ्यावरच भागते.

दुसरी समजूत अशी की एलईडीला वीज कमी लागते, म्हणून तो कसल्याही सेलवर चालेल. वीज कमी लागते हे खरं, पण व्होल्टेजच्या बाबतीत तो हट्टी आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की डोळ्याला पांढरा उजेड दिसतो. लाल एलईडी 1960च्या दशकातच आला होता, पण प्रखर निळा एलईडी साधायला 1990चं दशक उजाडावं लागलं. त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, म्हणून लाल एलईडी सुमारे 2 व्होल्टवर पेटतो आणि पांढऱ्याला सुमारे 3 व्होल्ट लागतात.

दोन सेलच्या बॅटरीची अडचण इथेच आहे. दोन कोरे सेल मिळून 3 व्होल्ट देतात, एलईडी पेटतो आणि घरातले सगळे खूश होतात. थोड्या वापरानंतर प्रत्येक सेल 1.2 व्होल्टवर आला की बेरीज 2.4 होते. जुना बल्ब एवढ्यावर पिवळा का होईना, पण पेटला असता. एलईडी मात्र जवळजवळ विझतो, आणि अजून बरीच वीज शिल्लक असलेले सेल कचऱ्यात जातात. यावर उपाय म्हणजे व्होल्टेज चढवून देणारं छोटं सर्किट. कारागीर त्याला बूस्ट ड्रायव्हर म्हणतात. काही एलईडी बल्बांच्या बुडातच ते बसवलेलं असतं. दोन सेलच्या बॅटरीसाठी असाच बल्ब घ्यावा.

तीन सेलच्या बॅटरीत नेमकं उलटं होतं. तिथे 4.5 व्होल्ट मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. तारेच्या बल्बला अशा वेळी निसर्गच सांभाळून घेतो: टंगस्टनची तार तापली की तिचा रोध थंड तारेच्या दहापटीहून अधिक होतो आणि करंट आपोआप आवरला जातो. एलईडीत असा लगाम नाही. व्होल्टेज जरासं वाढलं की करंट भसकन वाढतो. म्हणून रेझिस्टर लागतो आणि त्याचं गणित शाळकरी मुलालाही जमेल असं आहे. एक वॅटच्या एलईडीला 350 मिलिअँपिअर द्यायचे आणि त्याला स्वतःला 3.1 व्होल्ट लागतात असं धरलं, तर उरलेल्या 1.4 व्होल्टला 0.35नं भागायचं. उत्तर 4 ओहम येतं. दुकानात 3.9 ओहमचा मिळतो. त्यात जवळपास अर्धा वॅट उष्णता होते, म्हणून तो एक वॅट क्षमतेचा घ्यावा.

‘एलईडी तापत नाही’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. काचेपुढे हात धरला तर ऊब लागत नाही, म्हणून तसं वाटतं. तारेचा बल्ब आपली बहुतेक उष्णता उजेडासोबत पुढे फेकतो. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीत साठते आणि तिथून तिला धातूतूनच बाहेर पडावं लागतं. अर्ध्याहून अधिक वीज अशी उष्णतेतच जाते. चुटपुटत्या छोट्या एलईडीला याची फिकीर नाही, पण एक वॅट किंवा त्याहून मोठा एलईडी प्लॅस्टिकच्या डोक्यात नुसता चिकटवला तर त्याचा उजेड उतरतो आणि आयुष्यही घटतं. इथे जुन्या पितळी बॅटरीचं खरं मोल कळतं. प्लॅस्टिकपेक्षा पितळ शेकडो पटींनी चांगलं उष्णता वाहतं. एलईडीची ॲल्युमिनियमची चकती थर्मल पेस्ट लावून पितळी अंगाला घट्ट भिडवली की अख्खी बॅटरीच तिची उष्णता बाहेर टाकते.

सर्वांत जास्त निराशा होते ती झोताबाबत. ‘उजेड झगझगीत आहे, पण लांब जात नाही’ ही तक्रार रास्त आहे आणि तिचं कारण भूमितीत आहे. रिफ्लेक्टरच्या नाभीपाशी बसलेली तार चारी बाजूंना उजेड टाकते. तो वक्र पृष्ठभागावर आपटून सरळ झोत होऊन निघतो. एलईडी पुढे तोंड करून बसतो. त्याच्या उजेडाचा मोठा भाग रिफ्लेक्टरला न शिवताच बाहेर पसरतो. त्यातून एलईडी काही मिलिमीटर वर किंवा खाली बसला, तर उरलेला भागही नाभी चुकतो आणि भिंतीवर मध्ये काळं भोक असलेलं कडं उमटतं. ज्या जुन्या बॅटऱ्यांचं डोकं फिरवून फोकस करता येतो, त्यांत ही चूक बरीच सावरता येते. नाहीतर एलईडीखाली पातळ वॉशर घालून उंची जुळवावी. पाच मीटरवरची भिंत समोर ठेवून हे काम करावं.

मात्र लांबचा झोत प्रत्येकाला हवाच असतो असं नाही. महाराष्ट्रात शेतीपंपाला अनेक ठिकाणी रात्री वीज मिळते. शेतकऱ्याला अंधारात बांधावरून मोटर चालू करायला जावं लागतं, आणि साप-विंचवाची भीती असते ती पायाशी. त्याला पसरट उजेडच जास्त कामाचा. विहिरीचा तळ किंवा माडाचा शेंडा पाहायचा असेल तर गोष्ट वेगळी.

वॅट जास्त तर उजेड जास्त, हा हिशेबही जुना झाला. दोन सेलसाठीचा प्रसिद्ध पीआर-2 बल्ब 2.38 व्होल्टवर अर्धा अँपिअर खातो, म्हणजे साधारण 1.2 वॅट, आणि देतो सुमारे 10 ल्युमेन. आजचा चांगला एलईडी एका वॅटमध्ये 100 ल्युमेन सहज देतो. हा फायदा सगळाच्या सगळा उजेडात उधळण्याची हौस अनेकांना असते. त्यापेक्षा 100 मिलिअँपिअरवर थांबावं. जुन्याच्या तिप्पट उजेड मिळतो आणि सेलमधून करंट मात्र पाचवा हिस्साच जातो. रानात रात्र काढणाऱ्या माणसाला डोळे दिपवणाऱ्या उजेडापेक्षा पहाटेपर्यंत टिकणारा उजेड हवा असतो. बाजारात वेष्टनावर छापलेल्या हजारो ल्युमेनवर भुलू नये. 2009च्या अमेरिकी एफएल-1 मानकात झोताचं अंतर मोजायची सोपी रीत आहे: उजेड 0.25 लक्सवर, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उतरतो तिथवर झोत पोचला असं धरतात.

आणखी एक पक्का समज म्हणजे पिवळा उजेड धुकं कापतो आणि पांढरा कापत नाही. आंबोलीच्या किंवा माळशेजच्या पावसाळी धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात; ते पिवळा आणि निळा जवळपास सारखाच उधळतात. डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो तो बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरल्यामुळे. ती कमरेखाली धरली की फरक लगेच दिसतो.

मोबाइलसारखाच लिथियम सेल घातला की बॅटरी ‘पॉवरफुल’ होते, हा समज मात्र धोक्याचा आहे. 18650 हा लिथियम सेल पूर्ण भरलेला असताना 4.2 व्होल्ट देतो. दोन सेलच्या जागी असे दोन घातले तर एलईडीवर 8.4 व्होल्ट येतात. शिवाय हा सेल मोठ्या सेलपेक्षा बारीक असतो. धातूच्या नळीत तो हलला, त्याचं वेष्टन फाटलं आणि शॉर्ट झाला, तर आग लागू शकते. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तर घालूच नयेत.

हे सगळं करण्याआधी बॅटरी उघडून तिची स्प्रिंग आणि पत्रे पाहावेत. पुष्कळदा उजेड मंद असण्यात बल्बचा दोष नसतोच. गंजलेल्या स्प्रिंगनं एक ओहम रोध वाढवला, तर अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. साधा सेल गळला असेल तर तो डाग आम्लधर्मी असतो, तिथे पाण्यात कालवलेला खायचा सोडा लावावा. अल्कलाइन सेलचा पांढरा थर अल्कधर्मी, तो व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसानं जातो. हातमोजे घालून पुसावं, कोरडं करावं, मग बारीक पॉलिश पेपर फिरवावा. पावसाळा संपून बॅटरी माळ्यावर ठेवताना सेल बाहेर काढून ठेवावेत.