लेक बोटीवर निघाली... आणि सून?

मृग कोरडा गेला की आपल्या नगर जिल्ह्यात घरोघरी एकच विषय. पाथर्डी-जामखेडकडे विहिरींनी तळ गाठलेला, आणि त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात घाटघरला मात्र पाऊस धो धो कोसळतोय! अशा वेळी एम.एस्सी. होऊन नुकतीच संशोधनाला लागलेली तुमची लेक पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात बोट जाणार आहे. मी जाऊ का?" तर काय म्हणाल?

"अगं, आपल्याकडे समुद्र तरी आहे का?" हे तोंडावर. आणि मनात? लग्नाचं वय, पाहुणेमंडळी, बोटीवरचे परके पुरुष...

भगिनींनो, 'नाही' म्हणण्यापूर्वी थोडी माहिती करून घ्या.

या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्यांत एक मराठी बाईच होती. डॉ. अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली नागपूरला झाला. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी., मग हवाई बेटांवर आणि लंडनला पुढचं शिक्षण, आणि नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत नोकरी. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या त्या पहिल्या महिला. ते झालं दक्षिण टोक. उत्तरेकडे भारताची पहिली मोहीम २००७ साली गेली आणि १ जुलै २००८ रोजी नॉर्वेच्या न्यू-ऑलेसुंद गावी 'हिमाद्री' हे आपलं केंद्र सुरू झालं. तिथून उत्तर ध्रुव सुमारे १,२०० किलोमीटर. उन्हाळ्यात चार महिने सूर्य मावळतच नाही! तिथल्याच खाडीत २०१४ साली 'इंडआर्क' नावाची यंत्रांची साखळी १९२ मीटर खोल पाण्यात सोडली. पाण्याची ऊब आणि खारटपणा ती टिपत राहते.

बोटीवर लेक करणार काय? दोरखंडाने यंत्रं आणि बाटल्या खोल सोडायच्या, वेगवेगळ्या खोलीचं पाणी वर आणायचं, गाळायचं, तपासायचं. काम पाळ्यांनी, रात्रंदिवस.

यातलं मर्म तुम्हाला घरीच पाहता येईल. दोन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत चांगलं खारट. दोन्ही फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. साधं आधी गोठेल, खारट मागे राहील. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाच्या आसपास गोठतं, आणि गोठताना बहुतेक मीठ खालच्या पाण्यात सोडून देतं. ते गार, खारट, जड पाणी तळाशी जातं आणि त्यामुळे समुद्राचे मोठे प्रवाह चालू राहतात. बर्फ कमी झाला की हे गणित बिघडतं.

याचा आपल्याशी काय संबंध म्हणाल, तर २०२१ साली गोव्याच्याच ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मांडलं की उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ घटणं आणि सप्टेंबरमध्ये मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो. म्हणजे काढणीला आलेल्या बाजरीचाच प्रश्न!

आता व्यवहाराचं बोलू. होकार देण्याआधी लेकीला स्पष्ट विचारा: मोहिमेचा प्रमुख कोण? बरोबर बायका किती? डॉक्टर, विमा, घरी निरोप पाठवण्याची सोय? वैद्यकीय तपासणी आणि गार पाण्यात जीव वाचवण्याचं शिक्षण झालं का? तिथे वस्तीबाहेर पांढरी अस्वलं असतात, तेव्हा बंदूक चालवता येणारा माणूस बरोबर हवाच. आतून सुती कपडे देऊ नका. घामाने ओले झाले की अंगाला गार लागतात. लोकरीचे पातळ कपडे एकावर एक, आणि मोज्यांचे भरपूर जोड द्या. बोट लागते म्हणून आलेपाकाचा डबा द्या. कुणी हसलं तर हसू द्या.

आणि स्थळं बघताना ही गोष्ट लपवू नका. "आमची मुलगी कधी कधी महिना-दोन महिने समुद्रावर असते," असं पहिल्याच बैठकीत सांगा. ज्यांना ते झेपणार नाही ते तिथेच उठतील. लग्नानंतर उठण्यापेक्षा ते बरं.

आता खरा अवघड प्रश्न. हे सगळं लेकीसाठी आपल्याला पटतं. उद्या हेच सून म्हणाली, "सासूबाई, यंदा गौरी-गणपतीला मी बोटीवर असेन," तर?

लगेच उत्तर देऊ नका. आधी त्या दोन वाट्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि सुनेलाच बोलावून दाखवा. बोलणं तिथून सुरू होऊ दे.