मोळी, चूल आणि वीज

कारखान्यात कामगार किती तास राबतो हे सांगणारा हजेरीपट असतो. ठरलेल्या तासांवर काम झाले तर जादा वेतन मागता येते. आम्ही आयुष्यभर हाच हिशेब मांडत आलो. पण डोंगरातून लाकडाची मोळी आणणाऱ्या बाईचे तास कोणत्याच हजेरीपटावर चढत नाहीत. खेड्यातील स्त्री आणि वीज यांचा विचार आम्हांला याच टोकापासून करावासा वाटतो.

पनवेलपासून खोपोली फार दूर नाही. तेथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि घाटावरून उतरणाऱ्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरण्यांतले साचे फिरले. पण ज्या मुलखावरून तारा गेल्या, तेथल्या खेड्यांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत होती. उरण तालुक्यातील घारापुरी बेटासमोर मुंबईचे दिवे लखलखत. पण बेटावरच्या तीन गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. तोवर संध्याकाळी काही तास डिझेलचे जनित्र चाले. वीज जवळून गेली म्हणजे ती घरात आली असे नव्हे, हा पहिला धडा.

घरात आलेली ऊर्जा तीन कामे करते : उजेड देते, गती देते आणि उष्णता देते. उजेडाने मुलांचा अभ्यास होतो. गतीने पिठाची गिरणी चालते, पंपाने पाणी चढते. पहाटेचे जाते थांबले ते या गतीमुळेच. परंतु गरिबाच्या घरात सर्वांत जास्त ऊर्जा लागते ती भाकरी भाजायला, आणि ते काम एका दिव्याने होत नाही. म्हणून दिवा लागलेल्या घरातही मोळी येतच राहते. ओल्या लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात खोल उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

यावर उपाय म्हणून २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली. दिवस १ मेचा, म्हणजे कामगार दिनाचा, होता. गॅसची जोडणी बाईच्या नावाने मिळाली, ही मोठी गोष्ट झाली. पण सिलिंडर संपला की पुढच्याचे पैसे एकरकमी मोजावे लागतात, आणि रोजावर जगणाऱ्या घरात एकरकमी पैसा नसतो. आपल्या जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. सिलिंडर वाडीत राहतो आणि भट्टीवर तीन दगडांची चूल पेटते. दुसऱ्यासाठी कोळसा पाडणाऱ्या बाईला स्वतःच्या भाकरीसाठी काटक्या वेचाव्या लागतात.

मग ही दगदग वाचली तर काय होते? त्याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतून मिळते. तेथे १९९४ नंतर खेडोपाडी वीज नेण्यात आली. क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यांचा अभ्यास टॅरिन डिंकलमन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०११ साली प्रसिद्ध केला. वीज आलेल्या वस्त्यांत लाकडावरचा स्वयंपाक कमी झाला आणि पाच वर्षांच्या आत कामाला लागलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा सुमारे नवांनी वाढले. सरपणात अडकलेले हात मोकळे झाले.

पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट आहे : स्त्रियांच्या मजुरीचा दर उतरला आणि पुरुषांची कमाई वाढली. आम्हां संघटनेच्या माणसांना याचे नवल वाटत नाही. काम मागणारे हात वाढले आणि त्यांची एकजूट नसली, तर भाव पडतोच. वीज बाईचा वेळ वाचवते. त्या वेळाचे मोल मात्र तिला झगडूनच मिळवावे लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. किती घरांना जोडणी दिली, हे विचारून थांबू नये. वर्षाकाठी किती सिलिंडर पुन्हा भरले गेले, ते विचारावे. योजनेतला पाच किलोचा लहान सिलिंडर भट्टीवर पोहोचतो का, ते पाहावे. आणि भट्टीच्या हजेरीत बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली न दडवता स्वतंत्र लिहिले जाते का, हेही पाहावे. आपण पनवेलकरांनी शेजारच्या एका वाडीपासून ही विचारपूस सुरू केली, तरी पुष्कळ होईल.