पहाटेच्या हवेवरचं झाकण

एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय सत्तरीच्या पुढे, दम्याचा जुना त्रास. ते विचारतात, ‘थंडीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला फिरायला गेलो की खोकल्याची उबळ येते. त्याच रस्त्याने दुपारी चारला गेलो तर काही होत नाही. पहाटेची हवा शुद्ध असते ना? मग मला थंडी बाधते की आणखी काही?’

थंडी बाधते हे खरंच आहे. थंड, कोरडी हवा श्वासनलिकेचं अस्तर सुकवते आणि दमेकऱ्याची नलिका लगेच आवळते. पण पहाटेची हवा शुद्ध असते, हे मात्र शहरात थंडीपुरतं तरी विसरायला हवं. डिसेंबर-जानेवारीत दिवसातली सर्वांत वाईट हवा बहुधा त्याच वेळेला असते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी उजाडल्यावर जाऊन उभं राहावं. खाली कुणीतरी झाडलोट करून पाचोळा पेटवलेला असतो. त्याचा धूर सुतासारखा सरळ वर चढतो, आणि एका उंचीला पोचला की छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. त्यापुढे वर जात नाही. जरा दूर नजर टाकली की सगळ्या शहरावर तपकिरी थर दिसतो. त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी, आणि तिच्यावर स्वच्छ निळं आकाश. मी हे कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी थबकतो. अदृश्य हवेला छत आहे, हे तो पाचोळ्याचा धूर दाखवून देतो.

भूगोलाच्या पुस्तकात आपण याला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणत होतो. निरभ्र रात्री जमीन भराभर निवते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवा राहते. जड हवा खाली बसली की ती वर उचलली जात नाही. पुण्यासारख्या टेकड्यांच्या बशीत तर उतारांवरची गार हवाही ओघळून तळाशी येते. थंडीतल्या पहाटे हे छत शे-दोनशे मीटरवर असू शकतं. ऊन तापलं की ते किलोमीटरभर किंवा त्याहूनही वर सरकतं. मिरचीची फोडणी खिडकी उघडी असताना दिली तर एखादी शिंक येते. तीच फोडणी दारं-खिडक्या बंद करून दिली तर खकाण्याने घरभर ठसके लागतात. मिरच्या तेवढ्याच असतात. आपल्या शहराचा धूरही रोज साधारण तेवढाच असतो. कमीजास्त होते ती त्याला मिळणारी जागा.

झाकण घट्ट बसलं की काय होतं, याचा सर्वांत भयंकर धडा लंडनने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत घेतला. वारा पडलेला, कडाक्याची थंडी, घराघरांत दगडी कोळशाच्या शेगड्या. धुरातला गंधक धुक्यात मिसळून आम्ल झालं. त्याच सुमारास शहरात जनावरांचं मोठं प्रदर्शन होतं. बक्षिसाच्या तयारीने आणलेली गुरं धापा टाकू लागली. काही दगावली, काहींना मारावं लागलं. नंतर याचं एक स्पष्टीकरण पुढे आलं, ते मला फार आवडतं. या लाडक्या जनावरांखालचा पेंढा सारखा बदलला जात होता. जिथे शेणमूत साचून राहिलं, तिथल्या अमोनियाने हवेतलं आम्ल मारलं आणि ती जनावरं तगली!

माणसांचा पहिला हिशेब चार हजार जादा मृत्यूंचा होता. पुढच्या महिन्यांतले मृत्यू सरकारने फ्लूच्या खात्यावर टाकले. अर्ध्या शतकानंतर संशोधकांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एकूण संख्या बारा हजारांच्या आसपास निघाली. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला आणि कोळशाच्या धुराला आळा घातला. वारा पडलेल्या थंड रात्री लंडनला आजही येतात. तसं मृत्यूचं धुकं आता येत नाही.

आपल्याकडे खराब हवा आणि आजार यांचा संबंध फार पूर्वी मोजून दाखवणारा माणूस होता, आणि त्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले छातीच्या विकारांचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी सत्तरच्या दशकात लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग निवडून चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. शेजारी हवेतल्या सल्फर डायऑक्साइडची मोजणी ठेवली. जिथे हवा जास्त खराब, तिथे खोकला आणि धाप जास्त. ना उपग्रह, ना मोबाइलवरचं अॅप. माणसं तपासायची आणि नोंदी ठेवायच्या. आजच्या प्रत्येक चर्चेत हे काम पहिल्यांदा आठवायला हवं.

मुंबईला समुद्राचा वारा धुऊन काढतो, हा भरवसाही २०२२-२३च्या हिवाळ्यात डळमळला. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड ठेवणाऱ्या ‘ला निना’च्या त्या सलग तिसऱ्या वर्षी वाऱ्यांची नेहमीची अदलाबदल मंदावली, धूळ आणि धूर शहरावरच रेंगाळले. तेव्हा सगळीकडे ‘हवामानामुळे प्रदूषण’ असं छापून आलं. मला हे वाक्य सलतं. वारा मंदावला म्हणून धूळ तयार होत नाही. ती बांधकामांची, रस्त्यांची, गाड्यांची, भट्ट्यांची असते. वारा फक्त ती रोज उचलून नेत होता.

आणि फुप्फुसाला कारणाशी देणंघेणं नाही. त्याचे वायुकोश उलगडून पसरले तर जवळपास बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जागा व्यापतील. जाडी धूळ नाकातच अडते, पण केसाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे पीएम २.५ कण थेट त्या कोर्टावर उतरतात. भरभर चालताना आपण कितीतरी पट हवा ओढतो, तीही पुष्कळदा तोंडाने. अॅपवरच्या ‘समाधानकारक’ या शब्दावरही विसंबू नका. या कणांची चोवीस तासांसाठी आपली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

तेव्हा पत्रलेखक काकांना सांगणं एवढंच: थंडीत सूर्य उगवून दोन-तीन तास झाल्यावर बाहेर पडा. चार वाजताची वेळ उत्तम आहे. दिवस मावळला की छत पुन्हा खाली येतं आणि रस्त्यावर गर्दीही असते, तेव्हा त्याआधी परत फिरा. नाका-तोंडावरून मफलर घ्या, म्हणजे आत जाणारी हवा थोडी उबदार होईल. धूलिकण मात्र मफलरने अडत नाहीत. इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेत राहा.

आणि बाकी सर्वांना विनंती. थंडीत सोसायटीच्या आवारात पाचोळा पेटवू देऊ नका. कोपऱ्यात खड्डा करून तो कुजवा, पावसाळ्यापर्यंत झाडांना खत होईल. वरचं झाकण काढणं आपल्या हातात नाही. खालची चूल विझवणं आहे.