बजेट ‘शिलकी’, मग गल्लीतला रस्ता का होत नाही?

मार्च आला की आमच्या गल्लीत नगरपरिषदेची रिक्षा फिरते. ‘थकबाकीदारांनी त्वरित कर भरावा, अन्यथा नळजोडणी तोडण्यात येईल!’ यंदा मी हसत हसत त्याचं रील काढलं. मग सहज घरपट्टीची पावती शोधली, तर शेवटची दोन वर्षांपूर्वीची. थकबाकीदार आम्हीच!

बाबांना विचारलं. म्हणाले, ‘‘गल्लीतला रस्ता बघितलास? आधी तो करू देत, मग भरतो.’’ हा डायलॉग तुमच्याही घरात ऐकू येत असेल. मलाही पटला होता. तरी म्हटलं, पैसे जातात कुठे ते तर बघू. म्हणून अंदाजपत्रक मिळवलं.

‘अमुक कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर’ ही बातमी तुम्ही वाचली असेल. शिलकी म्हणजे गावाकडे पैसाच पैसा, असं वाटतं ना? पण त्या आकड्यात मागची शिल्लक असते आणि सरकारकडून येणारी अनुदानंही असतात. त्यातले बरेच पैसे ठरलेल्या कामालाच वापरता येतात. पंधराव्या वित्त आयोगाचंच बघा. २०२१ ते २०२६ साठी छोट्या शहरांना दिलेल्या अनुदानातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार करता येत नाहीत.

म्हणून एकूण आकडा सोडा, स्वतःचं उत्पन्न बघा. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बांधकाम परवानगीचं शुल्क. पूर्वी जकातीचा मोठा आधार होता. राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. त्याबदल्यात सरकार सहायक अनुदान देतं आणि पगारांची मुख्य भिस्त त्यावरच. ते लांबलं की पगारही लांबतात.

खर्चाच्या पानावर पगार, पथदिव्यांचं आणि पाण्याच्या पंपांचं वीजबिल, कचऱ्याचा ठेका. यातलं काहीच थांबवता येत नाही. थांबतो तो रस्ता.

म्हणजे बाबा रस्त्यासाठी थांबलेत आणि रस्ता बाबांसाठी! त्यात थकलेल्या घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के. एवढं व्याज कुठली एफडी देते?

पण बाबांचा राग खोटा नाही. नुसता कर भरून भागत नाही, हिशोबही मागायला हवा. अंदाजपत्रकात मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज शेजारी शेजारी असतात. घरपट्टीच्या ओळीत ते दोन आकडे ताडून बघा. अंदाज दरवर्षी फुगतोय आणि वसुली तिथंच असेल, तर त्या भरवशावर कबूल केलेली कामं कागदावरच राहणार. अंदाजपत्रक मागताना बिचकू नका. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार ते स्वतःहून जाहीर करणं कार्यालयाला बंधनकारक आहे.

शेवटी बाबांनी शास्तीसकट घरपट्टी भरली. त्याच दिवशी मी रस्त्याचा अर्ज दिला, सोबत पावतीची झेरॉक्स जोडली आणि पोचेवर आवक शिक्का मारून घेतला. रस्ता अजून झालेला नाही. पण आता विचारायला जाताना आवाज खाली जात नाही.

तुमच्या गल्लीत रिक्षा आली की रील जरूर काढा. आधी तेवढी पावती शोधा!